घर आपले, भूमी कोणाची?

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या वृत्तपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते. सरलेल्या महिन्यात इतक्या हजार मालमत्तांचे दस्त नोंदले गेले, मुद्रांक शुल्कापोटी राज्याच्या तिजोरीत इतके शे कोटी जमा झाले, आणि गेल्या वर्षीच्या याच महिन्याच्या तुलनेत ही वाढ इतके टक्के आहे. बातमीच्या शेवटी एखाद्या सल्लागार संस्थेच्या अधिकाऱ्याचे समाधानाचे दोन शब्द असतात. वाचणारा मध्यमवर्गीय गृहस्थ सुस्कारा सोडतो. ज्याचे घर आहे त्याला आपण श्रीमंत झाल्यासारखे वाटते. ज्याचे नाही त्याला गाडी सुटल्यासारखे वाटते.

आकडे खोटे नसतात. मुंबई महापालिका क्षेत्रात 2020 या महामारीच्या वर्षी सुमारे 65 हजार दस्त नोंदले गेले होते. राज्य शासनाने त्या वर्षाच्या सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणि पुढे मार्च 2021 पर्यंत 3 टक्क्यांवर ठेवले, तेव्हा निबंधक कार्यालयांपुढे रांगा लागल्या आणि 2021 चा आकडा एक लाख अकरा हजारांच्या पुढे गेला. 2024 मध्ये तो एक लाख चाळीस हजारांहून अधिक झाला. एप्रिल 2022 पासून मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर या शहरांत एक टक्का मेट्रो उपकर वाढला, तरीही ओघ ओसरला नाही. यावरून शहराची भरभराट सिद्ध होते, असे म्हणावयाची पद्धत आहे.

तथापि या आकड्यात नेमके काय मोजले जाते, हे एकदा निरखून पाहावयास हवे. दस्ताची नोंदणी म्हणजे नवे घर नव्हे. तीस वर्षांची जुनी सदनिका एका गृहस्थाने दुसऱ्याला विकली, तरी आकडा एकने वाढतो. दुकानाचा गाळा विकला गेला तरी वाढतो. घेणारा तेथे राहावयास येणार आहे, की कुलूप लावून भाव वाढण्याची वाट पाहणार आहे, हे दस्त सांगत नाही. इतकेच नव्हे, तर इमारत कायद्याने उभी आहे की नाही, हेही तो सांगत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रातील 65 अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला, तो वाचकांना स्मरत असेल. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून या इमारतींसाठी महारेराचे नोंदणी क्रमांक मिळविण्यात आले होते. त्यांत घरे घेणारे कोण होते? बँकेचे कर्ज काढून, स्त्रीधन मोडून पहिले घर घेणारी साधी नोकरदार कुटुंबे. महारेराचा क्रमांक पाहिला म्हणजे काम झाले, असे त्यांनी मानले असेल, तर त्यांत त्यांचा दोष तो काय?

दुसरा आकडा याहून अधिक बोलका आहे. केंद्र शासनाच्या 2017-18 च्या आर्थिक पाहणीत 2011 च्या जनगणनेच्या आधारे असे नोंदविले होते की, देशातील नागरी घरांपैकी सुमारे 12 टक्के घरे रिकामी आहेत. आणि शहरांमध्ये मुंबईचा क्रमांक पहिला, तेथे सुमारे 4 लाख 80 हजार घरे रिकामी! त्याच काळात, 2012 साली, केंद्राच्या तज्ज्ञ गटाने देशातील नागरी घरांची टंचाई सुमारे एक कोटी 88 लाख असल्याचे सांगितले होते, आणि त्या टंचाईतील 95 टक्क्यांहून अधिक वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा होता. 2011 च्या गणनेत बृहन्मुंबईच्या एक कोटी 24 लाख लोकसंख्येपैकी सुमारे 52 लाख माणसे झोपडपट्टीत राहात होती. एकीकडे कुलूपबंद सदनिका आणि दुसरीकडे पत्र्याचे छप्पर, असे चित्र ज्या शहरात आहे, तेथे विक्रीचा आकडा वाढला म्हणून पेढे कोणी वाटावयाचे? (2021 ची जनगणना झालीच नाही आणि लोकसंख्येची पुढची मोजणी 2027 साठी ठरली आहे, म्हणून मूलभूत आकड्यांसाठी 2011 कडेच वळावे लागते. घरांच्या बाजारभावाचे निर्देशांक मात्र दर तिमाहीला निघतात. आपण काय मोजतो आणि काय मोजावयाचे राहते, याचा हा एक नमुनाच होय.)

मध्यमवर्गाचे काय झाले, हेही त्याच गणनेत दिसते. 2001 ते 2011 या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ मुंबईची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली; सुमारे 33 लाख 38 हजारांवरून ती 30 लाख 85 हजारांवर आली. याच दहा वर्षांत तेव्हाचा अविभाजित ठाणे जिल्हा 81 लाखांवरून एक कोटी 10 लाखांवर गेला. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील बिऱ्हाडे डोंबिवली, बदलापूर, वसई-विरारकडे सरकली, ही गोष्ट मराठी कुटुंबांना कोणत्याही आकड्यावाचून ठाऊक आहे. जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले आणि पुढे त्या जमिनींवर जे उभे राहिले, ते गिरणगावातील माणसाच्या ऐपतीबाहेरचे होते. तो विषय स्वतंत्र आहे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे.

आज लिहावयाचे आहे ते जे राहिले, किंवा जे उपनगरात जाऊन स्थिरावले, त्यांच्याविषयी. त्यांनी घर घेतले. पण घेतले म्हणजे नेमके काय?

आपली नागर वस्ती मुळात भाड्याची होती. आर्थिक पाहणीतच दिलेले आकडे घ्या: 1961 मध्ये देशातील नागरी घरांपैकी 54 टक्के घरे भाड्याची होती, 2011 मध्ये केवळ 28 टक्के. पन्नास वर्षांत नगरवासी भारतीय भाडेकरूचा मालक झाला. मुंबईत 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, परंतु चाळमालकाला दुरुस्तीत रस उरला नाही आणि नवी चाळ बांधण्यात तर मुळीच नाही. भांडवल 'ओनरशिप'कडे वळले. कायद्याने अशी एक वाट बंद केली आणि दुसरी आपोआप उघडली.

या दुसऱ्या वाटेला प्रारंभी एक अत्यंत उदात्त आधार होता, तो सहकाराचा. 1915 साली रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तलमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. प्लेगच्या आठवणी ताज्या होत्या. हवेशीर, स्वच्छ घर परवडणाऱ्या दरात कसे मिळेल, हा प्रश्न होता. नफा मिळविणारा मध्ये नको, आपणच एकत्र येऊन जमीन घ्यावी आणि राहणाऱ्यांची संस्था हीच मालक असावी, ही ती कल्पना. येथे क्रम लक्षात घ्यावा: प्रथम माणसे एकत्र आली, मग संस्था झाली, मग जमीन घेतली आणि शेवटी इमारत उभी राहिली.

पुढे हा क्रम नेमका उलटा झाला. प्रथम बिल्डर जमीन मिळवितो, मग इमारत बांधतो, मग एकमेकांना अनोळखी अशी पन्नास कुटुंबे तेथे येतात आणि शेवटी, कायद्यात लिहिले आहे म्हणून, संस्था नोंदली जाते. राज्यात आज अशा एक लाखाहून अधिक सहकारी गृहनिर्माण संस्था आहेत. महाराष्ट्रातील सहकारी संस्थांचा सर्वांत मोठा गट साखर कारखान्यांचा वा दूध संघांचा नव्हे, तर गृहनिर्माण संस्थांचा आहे. आपल्या सार्वजनिक चर्चेत मात्र सहकार म्हटला की ऊस आणि बँकाच डोळ्यांपुढे येतात. शहरातला लिहितावाचता वर्ग स्वतः एका सहकारी संस्थेचा सभासद आहे, याचे भान त्यालाच नसते.

या उलट्या क्रमाचा मोठा परिणाम जमिनीवर झाला. सदनिका घेणाऱ्याचा करार बिल्डरशी होतो, ताबा मिळतो, वीजमीटर नावावर होतो आणि घर आपले झाले असे आपण म्हणतो. जमिनीच्या सातबारावर वा मिळकत पत्रिकेवर मात्र मूळ मालकाचे किंवा बिल्डरचेच नाव राहते. ते संस्थेच्या नावे करावयाचे, यालाच अभिहस्तांतरण म्हणतात. 1963 च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याने, ज्याला सर्व जण 'मोफा' म्हणतात, ही जबाबदारी बिल्डरवर टाकली. नियमांत मुदतही घातली: संस्था नोंदल्यापासून चार महिने. कायदा मोडणाऱ्यास तुरुंगवासाचीही तरतूद केली. असे असूनही हजारो संस्थांना वीस-वीस, तीस-तीस वर्षे अभिहस्तांतरण मिळाले नाही.

का मिळाले नाही? कारण बिल्डरच्या दृष्टीने ती जमीन संपलेली नसते. शहराचे नियम बदलतात, चटई क्षेत्र निर्देशांक वाढतो आणि ज्या भूखंडावर काल चार मजले चालत होते तेथे आज अधिक चालतात. हे वाढलेले मूल्य कोणाचे, हा प्रश्न कागदावर नाव कोणाचे आहे यावर येऊन ठेपतो. 1985 साली पैसे घेऊन गेलेला बिल्डर, किंवा त्याचे वारस, 2015 साली पुन्हा दारात उभे राहतात ते यामुळे. आणि संस्थेने तक्रार तरी का केली नाही? एक तर सभासदांना हे ठाऊकच नव्हते. आणि ज्यांना ठाऊक होते ते म्हणाले, राहावयास मिळते आहे ना, मग कोर्टकचेरी कशाला? आपल्या मध्यमवर्गाचा हा स्वभाव इतका जुना आहे की त्याला दुर्गुण म्हणण्याचीही आपल्याला लाज वाटेनाशी झाली आहे.

पुण्यात याच प्रश्नाचे रूप थोडे निराळे आहे. तेथे अनेक संकुले संस्था म्हणून नव्हे, तर 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली नोंदलेली आहेत. संस्थेत इमारत आणि जमीन संस्थेची असते व सभासदाकडे भागपत्र आणि वहिवाटीचा हक्क असतो. अपार्टमेंटमध्ये सदनिका प्रत्येकाची स्वतंत्र मालमत्ता असते आणि जमीन, जिना, गच्ची यांत प्रत्येकाचा अविभक्त टक्का ठरलेला असतो. संस्थेत एक सभासद एक मत. अपार्टमेंटमध्ये मताचे वजन टक्क्याप्रमाणे. व्यापारी वृत्तीच्या माणसाला दुसरा प्रकार सोयीचा वाटतो, कारण विकताना संस्थेची आडकाठी नको. पण सोय ही विकणाऱ्याची असते. राहणाऱ्याची गरज वेगळी आहे. मोठ्या सदनिकांचे चार मालक एकत्र आले की लहान सदनिकेतील पेन्शनरांचे ऐकावयाचे कोणी? आपल्या परंपरेत पंक्तीला बसलेल्या सर्वांना सारखे वाढावे, असा संकेत आहे. 'एक सभासद एक मत' हे त्याच्याशी अधिक सुसंगत आहे, असे मला वाटते.

आता पुनर्विकासाकडे वळू. मुंबईत आज घरांचा जो नवा पुरवठा दिसतो, त्याचा मोठा भाग जुन्या इमारती पाडूनच येतो, कारण मोकळी जमीन उरलेली नाही. या व्यवहाराचे गणित घरातल्या प्रत्येकाला कळावयास हवे. समजा, एका संस्थेत 500 चौरस फुटांच्या 20 सदनिका आहेत, म्हणजे एकूण 10 हजार चौरस फूट. नव्या नियमाने तेथे 25 हजार बांधता येतात. सभासदांना वाढीव धरून 13 हजार दिले, तर बिल्डरकडे विक्रीस 12 हजार उरतात. बांधकामाचा खर्च चौरस फुटाला चार हजार धरला, तर संपूर्ण इमारतीला 10 कोटी लागतील. रहिवाशांचे भाडे, अधिमूल्य, व्याज हे सारे त्यावर. जेथे विक्रीचा भाव 30 हजार आहे, तेथे त्याच्या हाती 36 कोटी येतात. जेथे भाव 8 हजार आहे, तेथे केवळ 9 कोटी 60 लाख. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण तात्पर्य खरे आहे. पार्ल्याच्या किंवा माटुंग्याच्या संस्थेपुढे बिल्डर रांग लावतील आणि अंबरनाथ-बदलापूरच्या तितक्याच जुन्या, तितक्याच गळक्या इमारतीकडे कोणी फिरकणार नाही. ज्यांना मुंबईने बाहेर ढकलले, त्यांच्याच इमारती उद्या कोणी बांधावयाच्या, हा प्रश्न उरणार आहे; आणि तो सुटण्यास एकच साधन आहे, ते म्हणजे संस्थेची स्वतःची गंगाजळी.

ती गंगाजळी किती आहे? आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंडासाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी पाऊण टक्का दरवर्षी घ्यावा. हा खर्च कोणत्या वर्षाचा? इमारत बांधली त्या वर्षाचा. 1985 मध्ये एका सदनिकेचा बांधकाम खर्च 80 हजार रुपये असेल, तर पाव टक्का म्हणजे वर्षाला 200 रुपये. चाळीस वर्षांचे मुद्दल 8 हजार! व्याज धरले तरी आजच्या भावाने त्यात एका खोलीचा गिलावाही पुरता निघणार नाही. उपविधीत 'किमान' असा शब्द आहे. सर्वसाधारण सभा अधिक घेऊ शकते. पण वर्गणी दोनशे रुपयांनी वाढवावी असा ठराव कोणी मांडून पाहावा. तेच सभासद त्याच महिन्यात दिवाणखान्याच्या छतावर दीड लाखाचे काम करून घेतात. छत आपले, त्यावरची गच्ची मात्र सोसायटीची, म्हणजे कोणाचीच नव्हे!

पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि तिसाच्या वरच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करावी, असे उपविधीत आहे. आपल्या इमारतीची शेवटची तपासणी केव्हा झाली, हे किती वाचक सांगू शकतील?

पुनर्विकास झाल्यावर सारे सुखाचे होते, असेही नाही. चार मजल्यांच्या, उद्वाहन नसलेल्या इमारतीत महिना दीड-दोन हजार वर्गणी भरणारे निवृत्त जोडपे वीस मजली मनोऱ्यात जाते. तेथे तीन लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, वाहनांचे यांत्रिक तळ, जनित्र, चोवीस तास पहारा. दर चौरस फुटाला महिना 15 रुपये म्हटले तरी 650 फुटांचे 9,750 रुपये होतात. मासिक वर्गणी 7,500 रुपयांच्या वर आणि संस्थेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की 18 टक्के जीएसटीही लागतो. निवृत्तिवेतन तेवढेच, किंवा मुळात नाहीच. मग मुले म्हणतात, आई, हा फ्लॅट भाड्याने देऊ आणि तुम्ही आमच्याकडे चला. अशा रीतीने पुनर्विकासात मिळालेले मोठे घर पाच-सात वर्षांत भाडेकरूंचे होते आणि जुना शेजार पांगतो. ही शोकांतिका कोणत्याही नोंदणीच्या आकड्यात उतरत नाही; उलट विक्री झाली, तर आकडा एकने वाढतो. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतील 556 कुटुंबांना 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांची घरे मिळाली. शंभर वर्षे दहा बाय सोळात काढलेल्या कुटुंबांचा तो आनंद खरा आहे आणि त्याला गालबोट लावावयाचे नाही. पण त्या मनोऱ्यांचा महिन्याचा खर्च पुढच्या पिढीला पेलेल अशी व्यवस्था संस्थेच्या पातळीवर व्हावयास हवी.

याला उपाय म्हणून स्वयंपुनर्विकासाचा मार्ग पुढे आला आहे. संस्थेने स्वतः वास्तुविशारद आणि कंत्राटदार नेमावा, कर्ज काढावे, वाढीव सदनिका स्वतः विकाव्या आणि नफा सभासदांतच राहावा. राज्य शासनाने सप्टेंबर 2019 मध्ये यासाठी सवलती जाहीर केल्या, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने कर्जाची तयारी दाखविली. मे 2025 मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या गृहनिर्माण धोरणातही, 2030 पर्यंत दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी 35 लाख घरांच्या उद्दिष्टाबरोबरच, या मार्गाला स्थान मिळाले आहे. ही कल्पना मला मनापासून पटते, कारण ती तलमकींच्या मूळ क्रमाकडे परत नेणारी आहे. सहकार म्हणजे कुचकामी अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हडपसरचे मगरपट्टा पाहावे. तेथे सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांहून अधिक जमीन तुकड्यातुकड्याने विकून टाकण्याऐवजी एकत्र ठेवली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागधारक होऊन नगर वसविले. ती सहकारी संस्था नव्हे, पण वृत्ती सहकाराचीच आहे. नांगर धरणाऱ्यांना जे जमले, ते पदवीधरांच्या सोसायटीला जमू नये?

न जमण्याचे कारण मात्र कायद्यात नाही. 2019 च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांनी पुनर्विकासाच्या ठरावासाठी 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरविली. पूर्वी तीन चतुर्थांश लागत असे. शासनाने अडसर कमी केले. कमी आहेत ती माणसे. सचिवपद घेण्यास कोणी तयार नसते. जो घेतो त्याला संध्याकाळी दारात उभे राहून बोलणी खावी लागतात, आणि बोलणारा बहुधा दोन वर्षांची वर्गणी थकविलेला असतो. जो हिशेब मागतो त्याला भांडखोर म्हणतात, जो हिशेब देत नाही त्याला 'आपला माणूस' म्हणतात. वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही म्हणून ती अर्धा तास तहकूब होते आणि मग उरलेल्या नऊ जणांत लाखोंचे ठराव संमत होतात. समाजकार्य म्हणून वनवासी पाड्यावर जाणारे, रक्तदान शिबिरे घेणारे आपले कार्यकर्ते आहेत. त्यांच्याविषयी आदर बाळगूनच विचारावेसे वाटते की, आपल्याच जिन्यातील चोवीस कुटुंबांच्या ताळेबंदावर नजर टाकावयास त्यांच्यापैकी किती जणांना सवड होते? पुनर्विकासाचा प्रस्ताव घेऊन बिल्डर येतो तेव्हा तो प्रथम हेच पाहतो की या संस्थेत कागद वाचणारा माणूस आहे की नाही. नसेल तर त्याचा नफा वाढतो. इतके ते सरळ आहे.

संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेवर एक विषय आवर्जून घालावा: आपल्या जमिनीच्या मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचे आहे? बिल्डरचे वा मूळ मालकाचे असेल, तर 2008 च्या दुरुस्तीने मोफा कायद्यात आलेल्या मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग मोकळा आहे. बिल्डर सही करीत नसला, सापडत नसला वा हयात नसला, तरी सक्षम प्राधिकारी म्हणून जिल्हा उपनिबंधक तसा आदेश देऊ शकतात. अर्ज नमुना 7 मध्ये करावयाचा, त्याला दोन हजार रुपयांचा न्यायालयीन शुल्क मुद्रांक लावावयाचा. सोबत संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, नोंदणीकृत करारनामा, मंजूर नकाशा आणि मिळकत पत्रिका वा सातबारा जोडावा. भोगवटा प्रमाणपत्र नसल्यास स्वयंघोषणापत्रावर अर्ज घेण्याची तरतूद 2018 च्या शासन निर्णयाने झालेली आहे. निर्णयास सहा महिन्यांची मुदत आहे. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, पाठपुरावा करावा लागतो. आणि पुष्कळ संस्था येथेच थांबतात: आदेशाची प्रत चौकटीत लावून कार्यालयात टांगतात. आदेश म्हणजे मालकी नव्हे. त्यानंतर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय घ्यावा लागतो, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो आणि तो दस्त घेऊन नगर भूमापन कार्यालयात जाऊन मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव चढवून घ्यावे लागते. त्या पत्रिकेची ताजी प्रत हाती येईपर्यंत काम पुरे झाले, असे समजू नये.